घरची तिजोरी आणि परक्यांची दुकाने

एका लहानशा बेटावर दोन रांगा लागतात. त्या दोन रांगांची हकीगत आज आमच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे.

पहिली रांग तळलेल्या कोंबडीच्या दुकानापुढची. २०२१ साली महामारीच्या भयाने त्या बेटावरील सर्व खानावळी सरकारी हुकुमाने बंद होत्या. जुलै महिन्यात त्या उघडावयास परवानगी मिळाली, तेव्हा ‘के. एफ. सी.’ हे अमेरिकन नाव मिरविणाऱ्या दुकानांपुढे माणसांची आणि मोटारींची लांबच लांब रांग लागली. दुसरी रांग बँकेतली. ती डोळ्यांना दिसतेच असे नाही. कारण ती बहुतांशी अर्जांची आणि वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यांची रांग आहे. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, कापड, कागद असा माल परदेशांतून आणावयाचा तर अमेरिकन डॉलर लागतो. तो बँकेत मागितला असता आज नाही, पुढे पाहू, किंवा मागितला तेवढा नाही, थोडा मिळेल, अशा अर्थाचे उत्तर पदरी पडते.

या दोन रांगांचा एकमेकींशी काही संबंध आहे काय? आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. बेट दूरचे असले तरी ज्या घरात बाहेरून पैसा येतो आणि बाहेरच जातो, त्या प्रत्येक घराची ही गोष्ट आहे.

बेट कोणते आणि कसे

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यालगत, व्हेनेझुएला देशापासून अवघ्या दहा-बारा किलोमीटरांच्या अंतरावर ट्रिनिदाद नावाचे बेट आहे. १४९८ साली जुलैच्या अखेरच्या दिवशी कोलंबसास ते दिसले आणि त्याने पवित्र त्रैक्याचे नाव त्यास दिले. तेच नाव आजतागायत चालत आले आहे. शेजारच्या टोबॅगो बेटासह हा देश ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इंग्रजांच्या सत्तेतून स्वतंत्र झाला. दोन्ही बेटे मिळून क्षेत्रफळ सुमारे ५,१३० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ दीडपट. आणि २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या १३ लाख २८ हजार, म्हणजे गोव्याहून किंचित कमीच. त्या शिरगणतीप्रमाणे दर पाच माणसांत एकाहून थोडे अधिक कॅथलिक होते.

या बेटाशी आपल्या देशाचे नाते जुने आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांत राबावयास मजूर मिळेनात, तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. पहिले जहाज ‘फतेल रझाक’ ३० मे १८४५ रोजी तेथे पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसे अशी गेली. त्यांतील बहुतेक गंगेच्या खोऱ्यातील होती आणि कलकत्ता बंदरातून निघाली होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज तेथील लोकसंख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक आहेत. ‘बारा’ म्हणजे आपल्या वड्याच्याच जातीची तळलेली नरम पोळी. अशा दोन ‘बाऱ्यां’मध्ये हरभऱ्याची उसळ घालून विकतात, त्यास ‘डबल्स’ म्हणतात. १९३० च्या दशकात निघालेला हा पदार्थ आज जातिधर्माचा भेद न करता सगळे बेट सकाळच्या न्याहारीस खाते.

मात्र या अस्सल देशी पदार्थाकडे नीट पाहिले म्हणजे आपल्या विषयाचे पहिले सूत्र हाती लागते. पोळीचे पीठ गव्हाचे. गहू बेटावर पिकत नाही. हरभराही बाहेरूनच येतो. २०२२ साली जगात गहू महागला, तेव्हा तेथील पिठाचे भाव वर्षभरात दोनदा चढले. परक्या दुकानातील कोंबडीस डॉलर लागतो, हे तर उघडच आहे. परंतु रस्त्याच्या कडेला विकल्या जाणाऱ्या देशी न्याहारीसही डॉलर लागतो. लहान बेटाची ही मूळ अडचण होय. तेथे सारे काही पिकत नाही, सारे काही बनत नाही; म्हणून जे लागते ते बाहेरून आणावे लागते, आणि बाहेरचा दुकानदार बेटाची नोट घेत नाही.

कमाई कोठून येत होती

मग डॉलर येतो कोठून? जे बेट जगास काही विकते, त्यासच जग डॉलर देते. ट्रिनिदादने प्रथम साखर आणि कोको विकला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापासून खनिज तेल निघू लागले. १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले, तेव्हा या बेटावर लक्ष्मीची पावले उमटली. १९८० च्या दशकात भाव कोसळले आणि वाईट दिवस आले. त्यानंतर समुद्राखालच्या नैसर्गिक वायूने हात दिला. पॉइंट लिसास येथे वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल करण्याचे मोठमोठे कारखाने निघाले. आणि १९९९ साली पॉइंट फोर्टिन येथून वायू गोठवून, द्रवरूप करून, जहाजांतून परदेशी धाडण्यास आरंभ झाला. देशाच्या निर्यातीत दहापैकी आठ हिस्से किंवा त्याहूनही अधिक तेल, वायू आणि त्यांपासून होणाऱ्या पदार्थांचे झाले.

एकाच खांबावर घर उभारले की त्या खांबास कीड लागण्याचे भय असते. २०१० च्या सुमारास बेटावर रोज सुमारे ४.३ अब्ज घनफूट वायू निघत होता. २०२३ पर्यंत तो अडीच अब्जांच्या आसपास आला. जुन्या विहिरी आटू लागल्या होत्या आणि नव्या वेळेवर हाती आल्या नाहीत. २०१४ च्या उत्तरार्धापासून तेलाचे भावही घसरले. वायू पुरेना म्हणून द्रवरूप वायूच्या चार कारखान्यांपैकी पहिला २०२० च्या अखेरीपासून थंड पडला. त्यापूर्वीच २०१८ च्या नोव्हेंबरात पॉइंट-आ-पिएर येथील शंभर वर्षांचा जुना तेलशुद्धी कारखाना बंद झाला होता. जमिनीतून तेल काढणारा हा देश तेव्हापासून मोटारीत घालावयाचे पेट्रोल डॉलर मोजून बाहेरून आणू लागला.

साखरेचीही गत सांगितली पाहिजे. ज्या उसासाठी आपली माणसे तेथे नेली गेली, त्या उसाची सरकारी कंपनी तोट्यात चालली म्हणून २००३ साली बंद करण्यात आली, आणि सुमारे ९,००० कामगार एकाच वर्षी घरी बसले. कंपनी तोट्यात होती हे खरे. तरी डॉलर आणणारे एक लहान दार त्यामुळे मिटले, हेही खरे. वायू भरपूर होता तोपर्यंत त्या मिटलेल्या दाराची कोणास आठवण झाली नाही.

शिधावाटपाच्या दुकानाचा दृष्टांत

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. बेटाची तिजोरी रिकामी झाली होती, असे मुळीच नाही. २०१४ च्या अखेरीस तेथील मध्यवर्ती बँकेजवळ ११ अब्ज डॉलरांहून अधिक गंगाजळी होती. २०२४ च्या अखेरीस ती सुमारे साडेपाच अब्जांवर आली. म्हणजे दहा वर्षांत निम्मी. तरीही सात-आठ महिन्यांच्या आयातीस पुरेल एवढी ती होती. याशिवाय २००७ साली कायद्याने उभारलेला वारसा-निधी निराळाच होता. मग बँकेच्या खिडकीवर डॉलर का मिळेना?

ज्यांनी शिधावाटपाच्या दुकानापुढे रांग लाविली आहे, त्यांस याचे उत्तर सहज कळेल. रेशनवरची साखर बाजाराहून स्वस्त असते. स्वस्त वस्तू सर्वांनाच हवी असते आणि असते मात्र थोडी. म्हणून तिची वाटणी कार्डाप्रमाणे करावी लागते. आणि ज्यास कार्डावर पुरेशी मिळत नाही तो मागल्या दाराने चढा भाव देऊन घेतो. डॉलरचेही तसेच. २०१६ च्या अखेरीपासून एका अमेरिकन डॉलरास बेटाचे सुमारे ६ डॉलर ७८ सेंट (तेथील नाण्यासही डॉलरच म्हणतात) हा भाव सरकारने जवळजवळ हलू दिला नाही. कमाई निम्म्यावर येऊनही भाव तोच राहिला. तेव्हा डॉलर ही रेशनची साखर झाली. मध्यवर्ती बँक ठराविक वेळी ठराविक डॉलर व्यापारी बँकांस विकू लागली, आणि व्यापारी बँका आपापल्या गिऱ्हाइकांत त्यांची वाटणी करू लागल्या.

वाटणी आली की न्यायाचा प्रश्न आलाच. मोठ्या व्यापाऱ्याचे बँकेत जुने खाते, मोठी उलाढाल, ओळखपाळख. त्यास पुष्कळ मिळते. लहान दुकानदारास थोडे मिळते किंवा मिळतच नाही. मग तो बाहेर जाऊन चढ्या भावाने घेतो. समजा, बाहेर आठचा भाव चालू आहे आणि त्यास एक हजार अमेरिकन डॉलरांचा माल आणावयाचा आहे. बँकेतून मिळाले असते तर ६,७८० लागले असते. बाहेर ८,००० लागतात. वरचे १,२२० तो आपल्या पदरचे घालीत नाही. ते तो मालाच्या किमतीवर चढवितो. म्हणजे शेवटी ते कोपऱ्यावरच्या दुकानात वही-पेन्सिल घ्यावयास आलेल्या आईच्या पदरातून जातात. स्वस्त डॉलरचा लाभ रांगेत पुढे असलेल्यांस, आणि महाग डॉलरचा भार रांगेबाहेर असलेल्यांस, असा हा हिशेब होतो.

सरकार अगदीच डोळे मिटून बसले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निर्यात करणाऱ्या कारखानदारांस कच्चा माल आणण्यासाठी आयात-निर्यात बँकेमार्फत वेगळे डॉलर देण्याची सोय २०१८ साली करण्यात आली. २०२० साली महामारीच्या दिवसांत अन्न आणि औषधे आणणाऱ्यांसाठीही तशी सोय झाली. जो डॉलर खर्चून दोन डॉलर आणील त्यास आधी द्यावा, हा विचार शहाणपणाचा होता. परंतु पाणी एकूणच कमी असले म्हणजे एक पाट भरला की दुसरा कोरडा राहतो. २०२४ साली व्यापारी बँकांनी सामान्य लोकांच्या क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाची मर्यादा आणखी खाली आणली.

कोंबडीच्या दुकानाचा हिशेब

आता पहिल्या रांगेकडे वळू. तळलेल्या कोंबडीचे ते अमेरिकन नाव ट्रिनिदादमध्ये १९७० च्या दशकात आले. आज एवढ्याशा बेटावर त्याची पन्नासाहून अधिक दुकाने आहेत, आणि जगात सर्वाधिक विक्री करणाऱ्या शाखांत पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीतील शाखेची गणना वारंवार झाली आहे. मागाहून इतर नावेही आली. २०१६ साली अमेरिकन कॉफीची साखळी आली. मॅकडोनल्डची दुकाने १९९७ साली आली, २००३ साली बंद पडली, आणि २०११ साली पुन्हा आली. परक्या साखळीचे हे असेच असते. परवडले तर ती राहते, न परवडले तर पाट्या उतरवून निघून जाते. गावच्या वाण्याप्रमाणे तिला गावाशी बांधलेले काही नसते.

या दुकानांस शिव्याशाप देणे सोपे आहे, म्हणून आम्ही प्रथम त्यांची बाजू मांडतो. तळलेल्या कोंबडीची दुकाने चालविणारी कंपनी बेटावरचीच आहे. अमेरिकेकडून तिने फक्त नाव आणि कृती यांचा मक्ता घेतला आहे. तिच्याकडे हजारो तरुण मुला-मुलींस काम मिळते, ती सरकारास कर देते, आणि कोंबड्या बऱ्याच अंशी बेटावरच्या पाळणाऱ्यांकडून घेते. हे सर्व खरे आहे.

आता दुसरी बाजू. कोंबडी बेटावर वाढली तरी तिने खाल्लेला मका आणि सोयाबीन बाहेरचे. ज्या अंड्यातून पिलू निघाले ते अंडेही पुष्कळदा आगबोटीने किंवा विमानाने आलेले. बटाट्याच्या तळलेल्या कापा गोठविलेल्या स्थितीत परदेशांतून आलेल्या. भट्ट्या आणि यंत्रे परदेशी. शिवाय नाव वापरल्याबद्दल विक्रीतील काही टक्के मूळ मालकास डॉलरांत पाठवावे लागतात. उलट गिऱ्हाइकाने दिलेली प्रत्येक नोट बेटाची. एकूण धंदा असा की, मिळकत सारी घरच्या नाण्यात आणि खर्चाचा मोठा भाग परक्या नाण्यात. असे दुकान कितीही सचोटीने चालविले तरी ते बेटाच्या तिजोरीतून डॉलर घेते, तिच्यात भर घालीत नाही.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. दुकान परके आहे की देशी, हा खरा प्रश्न नव्हे; ते डॉलर आणते की नेते, हा खरा प्रश्न आहे. परदेशांतून येणाऱ्या मोटारी विकणारा देशी व्यापारी आणि अमेरिकन नावाखाली कोंबडी विकणारा कंपनीवाला, हे दोघेही तिजोरीच्या दृष्टीने सारखेच. याउलट परदेशी माणसाचे हॉटेल असले, तरी तेथे पाहुणे डॉलर घेऊन येत असतील तर ते भर घालते. अर्थात तो डॉलर बेटावर उतरला तर! मालदीव बेटांचे उदाहरण घ्या. तेथे पर्यटकांचा पूर लोटतो, तरी डॉलरची टंचाई असते. कारण खोलीचे भाडे पुष्कळदा परदेशांतल्या परदेशांतच चुकते होते. म्हणून २०२४ साली मालदीव सरकारने नियम केला की, हॉटेलांनी येणाऱ्या पर्यटकांच्या संख्येप्रमाणे ठराविक डॉलर बेटावरील बँकांत आणून बदलून घेतले पाहिजेत.

परक्या साखळ्यांसही या टंचाईचा चटका बसतो. ‘प्राइसस्मार्ट’ ही अमेरिकन घाऊक दुकानांची साखळी ट्रिनिदादमध्ये आहे. आपल्या भागधारकांस दिलेल्या वृत्तांतांत तिने कबूल केले आहे की, बेटावर मिळालेले पैसे डॉलरांत बदलून घेणे तिला कठीण जाते. आणि त्यामुळे २०१७ च्या सुमारास तिने बेटाकडे धाडावयाचा मालच काही काळ कमी केला. दुकान भरलेले, गल्ला भरलेला, आणि तरीही नवा माल आणता येत नाही. घरच्या नोटांची रास डॉलर होत नसेल तर परक्यास ती कागदाची रास होय.

आइसलंडातील कांदा

टंचाई विकोपास गेली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर उत्तरेस आइसलंड बेटाकडे जावे लागेल. तेव्हा जेमतेम सव्वातीन लाख वस्तीचा तो देश. २००८ च्या ऑक्टोबरात त्याच्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांच्या अंतराने बुडाल्या आणि क्रोना हे तेथील नाणे कोसळले. पुढच्याच महिन्यात सरकारने परदेशी पैसा पाठविण्यावर निर्बंध घातले. ते बहुतांशी उठावयास २०१७ चा मार्च उजाडला.

त्या देशात मॅकडोनल्डची तीन दुकाने होती. साखळीच्या शिस्तीप्रमाणे मांस, चीज, भाजी, एवढेच काय, बांधावयाचे कागदही जर्मनीहून आणावे लागत. क्रोना कोसळताच या मालाची किंमत दुप्पट झाली. एका किलो कांद्यास चांगल्या दारूच्या बाटलीएवढे पैसे पडतात, असे दुकानाच्या चालकाने तेव्हा वृत्तपत्रांस सांगितले होते. शेवटी २००९ च्या ऑक्टोबर अखेरीस तिन्ही दुकाने बंद झाली. आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी ती गोष्ट याच्या पुढची आहे. त्याच चालकाने त्याच जागी ‘मेट्रो’ या नावाने स्वतःची खानावळ उघडली आणि स्थानिक मांस व स्थानिक माल वापरण्यास आरंभ केला. नोकरांपैकी बहुतेकांचे काम राहिले, जर्मनीहून येणारा कांदा थांबला. बेटावर मांस नव्हते असे नव्हे. साखळीच्या नियमात त्यास जागा नव्हती.

कडू औषध कोणते

मग ट्रिनिदादने काय करावे? कोणी म्हणतात, डॉलरचा भाव मोकळा सोडा. महाग झाला की मागणी आपोआप घटेल आणि रांग संपेल. तर्कास हे पटते. परंतु त्या बेटाच्या वडीलधाऱ्या माणसांस मागचे दिवस आठवतात. १९८५ च्या डिसेंबरात अमेरिकन डॉलरचा भाव २.४० वरून ३.६० करण्यात आला. १९८८ च्या ऑगस्टात तो ४.२५ झाला, १९९३ च्या एप्रिलमध्ये बंधन काढले तेव्हा तो पावणेसहाच्या आसपास गेला. आठ वर्षांत तोच पगार बाहेरच्या मालाच्या दृष्टीने निम्म्याहून कमी झाला. आपल्याकडेही १९६६ च्या जूनमध्ये डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हाची महागाई अनेक घरांतील वृद्धांस ठाऊक आहे. ज्या देशाचे पीठ, डाळ आणि औषध बाहेरून येते, तेथे अवमूल्यनाचा पहिला घाव गरिबाच्या ताटावर बसतो.

म्हणून भाव धरून ठेवणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र भाव धरून ठेवल्याने गरीब वाचला काय? वर सांगितलेल्या १,२२० च्या हिशेबाने तो पुरता वाचला नाही, हे दिसलेच. शिवाय स्वस्त डॉलरने पिठाप्रमाणेच परदेशी मोटार आणि परदेशी सहलही स्वस्त झाली. आणि मोटारी व सहली गरीब करीत नाही. दोन्ही वाटांवर काटे आहेत. एक वाट उघड महागाईची, दुसरी छुप्या महागाईची. पहिलीत सर्वांस एकदम आणि सारखा चटका बसतो. दुसरीत चटका कोणास किती बसावा, हे वशिला ठरवितो.

आमचे नम्र मत असे की, डॉलर थोडे असतील तोपर्यंत त्यांच्या वाटणीचा क्रम उघडपणे ठरला पाहिजे आणि उघडपणे पाळला गेला पाहिजे. आधी औषध आणि अन्न, मग डॉलर आणणाऱ्या धंद्यांचा कच्चा माल, मग उरलेले. कोणास किती मिळाले हे लोकांस कळले पाहिजे. ज्यांस भाव हळूहळू सोडावयाचा असेल त्यांनी तो सोडावा. पण तत्पूर्वी गरिबाच्या पिठाची आणि औषधाची तरतूद करावी. आणि काही झाले तरी घरचा कांदा आणि घरचा मका वाढवावा. कारण जो डॉलर खर्चच झाला नाही, तो कमावण्याची जरूर पडत नाही.

आपल्या घराकडे पाहताना

आपल्या देशावरही हा प्रसंग आला होता. १९९१ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानजवळ जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीस पुरतील एवढेच डॉलर उरले. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने इंग्लंडच्या आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण टाकले. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा शेताच्या बांधासाठी आईने पाटल्या सावकाराकडे ठेवाव्यात, तशीच ती गोष्ट. देश मोठा होता, त्याजवळ विकावयास पुष्कळ जिन्नस होते आणि बाहेर राबणारी लाखो माणसे होती, म्हणून तो सावरला.

त्या बाहेर राबणाऱ्या माणसांत गोव्यातील आमचे तारवटी होते, आखाती देशांत गेलेली आमची मुले-मुली होत्या. बोटीच्या खोलघरात किंवा वाळवंटातील उन्हात त्यांनी मिळविलेला पैसा गावी आला, तेव्हा घराचे कौल बदलले आणि त्याच वेळी देशाच्या तिजोरीत डॉलरची भर पडली. ट्रिनिदादच्या समुद्रातील वायूने त्या बेटासाठी जे केले, तेच आमच्या कित्येक वाड्यांसाठी तारवट्याच्या पगाराने केले. म्हणूनच त्या बेटाची चूक आम्ही आपल्या घरीही पाहू शकतो. बाहेरून येणारा पैसा चालू असतो, तोवर परसातली भाजी लावावयास कोणास वेळ नसतो. शेत पडीक राहते, नारळ पडलेले कुजतात, आणि सणास पाहुणे आले की शहरातून कागदी खोक्यांत भरून जेवण येते. पुढे एके दिवशी तारवटी निवृत्त होतो. पगार थांबतो, सवय थांबत नाही.

शहरातून कधी खोके आणले म्हणून कोणी पाप केले, असे आम्ही म्हणत नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसांनाही आम्ही नावे ठेवीत नाही. कित्येक आठवड्यांच्या कोंडीनंतर मुलांच्या तोंडी दोन घास आवडीचे पडावेत, एवढीच त्यांची इच्छा असेल. तथापि कमाईचा झरा वाहत असताना विहीर खणून ठेवणे, हे घराचे आणि देशाचे सारखेच कर्तव्य आहे. त्या बेटाने वारसा-निधी उभारला, ही त्याची दूरदृष्टी. उसाच्या जागी डॉलर आणणारे दुसरे पीक वेळेवर उभे केले नाही, ही त्याची चूक. दोन्ही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. येत्या रविवारी दुपारचे जेवण झाल्यावर घरातील वडील माणसांनी मुलांस जवळ घेऊन एक साधा हिशेब मांडावा. या महिन्यात आपल्या घरी बाहेरून पैसा किती आला, तो कोणाच्या घामाचा होता, आणि त्यातला किती गावात राहिला व किती पुन्हा बाहेर गेला. कागदाच्या एका पानावर हा हिशेब मावेल. ट्रिनिदादच्या अर्थमंत्र्यांसही दरसाल हाच हिशेब मांडावा लागतो. फक्त त्यांचा कागद थोडा मोठा असतो.